येडगावचा पाणीसाठा : नोंदवहीपासून विश्लेषण प्रणालीपर्यंत

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बांधलेले येडगाव धरण १९७७ मध्ये पूर्ण झाले. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी येडगावचा मूळ उपयुक्त साठा सुमारे २.८ टीएमसी एवढाच होता. तथापि माणिकडोह, वडज आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे या धरणांचे पाणी येथे आणून कुकडी डाव्या कालव्यात सोडले जाते. कालव्याच्या शेवटच्या टप्प्यातील कर्जत-करमाळ्याच्या शेतकऱ्यापर्यंत आधी साठ्याचा आकडा पोहोचतो, पाणी नंतर. आवर्तनाचा वाद या आकड्याभोवतीच फिरत असल्याने तो कसा तयार होतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

नोंदवही ते सारणी

धरणावर प्रत्यक्ष मोजली जाते ती पाण्याची पातळी. पातळी-साठा तक्त्यावरून साठा काढला जातो. एका नोंदीचा दुसऱ्या तक्त्याशी असा मेळ घालण्याची रीत संगणकापूर्वीचीच आहे. १९७० मध्ये ई. एफ. कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल डेटाबेसच्या संकल्पनेने तिला शास्त्रीय बैठक दिली. एका सारणीत धरणे, दुसरीत पातळीच्या नोंदी, तिसरीत तक्ता आणि तिन्हींना जोडणारा धरणाचा संकेतांक, अशी ही रचना असते. भारतात जलविज्ञान प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात (१९९५-२००३) नोंदणीसाठी एसडब्ल्यूडीईएस व विश्लेषणासाठी हायमॉस ही संगणक प्रणाली स्वीकारण्यात आली. येथे साठवण आणि विश्लेषण ही कामे वेगळी झाली व त्यांच्या जोडणीचा प्रश्न उभा राहिला.

जोडणीचे स्वरूप

दुसऱ्या टप्प्यात (२००६-२०१४) कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेच्या साहाय्याने तत्काळ पूर्वानुमान व जलाशय परिचालनाची प्रणाली उभारण्यात आली. कुकडीचे पाणी घोड नदीतून भीमेला मिळते. त्यामुळे हे खोरेही त्याच कक्षेत येते.

कारखान्यांतील विश्लेषण प्रणालींप्रमाणेच अशा जोडणीतही काही पथ्ये पाळावी लागतात. मूळ डेटाबेसमध्ये केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. प्रत्येक वेळी संपूर्ण सारणी न उचलता शेवटच्या वेळेनंतरच्या नोंदी घ्याव्यात. एकके निश्चित करावीत. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर. एका प्रणालीतील २.८ हा आकडा दुसरीत सुमारे ७९.३ होतो. वेळेचेही तसेच. भारतीय वेळेतील नोंद जागतिक वेळेत नेताना साडेपाच तास मागे जाते आणि मध्यरात्रीनंतरचा पाऊस आदल्या दिवसाच्या खात्यावर पडू शकतो.

सर्वांत नाजूक बाब तक्त्याची आहे. गाळाने जलाशयाची क्षमता घटते व नव्या सर्वेक्षणानंतर तक्ता बदलतो. जुना तक्ता पुसून नवा ठेवल्यास मागील सर्व वर्षांचे साठेही नकळत बदलतात आणि इतिहासच खोटा ठरतो. म्हणून प्रत्येक तक्त्यासोबत त्याच्या अंमलाची तारीख जतन करणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ ने समन्यायी वाटपाचे तत्त्व कायद्यात आणले. त्याची कसोटी मात्र मोजमापावर लागते. जोडणीमुळे आकडा वेगाने पोहोचतो. तो खरा ठरतो तो मूळ नोंद, एकक, वेळ व तक्ता तपासता आल्यामुळे. येडगावची नोंद कालव्याच्या शेवटी बसलेल्या शेतकऱ्यालाही पडताळता आली, तरच तंत्रज्ञानाचे हे परिवर्तन न्यायाच्या उपयोगी पडले असे म्हणता येईल.