वर्दी न देणारा उजेड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॅमेरा ही वस्तू कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढं आणला, हे आपल्याकडं शाळकरी पोरंही सांगतात. पण तो कॅमेरा होता कसा, याचा विचार फारसा कुणी करत नाही. हातानं दांडा फिरवायचा कॅमेरा तो. फिरवताना आवाज व्हायचा. त्याला भरपूर ऊन लागायचं. ढग आले की काम थांबायचं. शिवाय त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल लुगडं पडद्यावर काळं दिसायचं, आणि म्हणूनच फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालायचा. म्हणजे त्या कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांपेक्षा कमी दिसत होतं, आणि ज्याचं चित्र घ्यायचं त्याला ते कळल्यावाचून राहत नव्हतं.

तरीही लोक बिचकत होते. ‘सैरंध्री’साठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली गेली. चेहरा सगळ्या गावानं पाहिला, नाव मात्र झाकलेलं. मला तर नाव बदलणं हा पडद्याचाच एक प्रकार वाटतो.

आता शंभर वर्षं ओलांडून अलीकडं येऊ. रात्री गल्लीतून जाताना दुकानाच्या पाटीशेजारी टांगलेला कॅमेरा नीट बघा. भिंगाभोवती बारीक लालसर ठिपके दिसतील. तो कॅमेरा अंधारात गल्लीवर उजेड टाकतो आहे, फक्त तो उजेड आपल्याला दिसत नाही. लालसर ठिपका ही त्याची जेमतेम दिसणारी कड. त्याहून महाग कॅमेऱ्यात तेवढीही कड राहत नाही. विकणारा ते कौतुकानं सांगतो, ‘साहेब, कुणाला पत्ताही लागणार नाही.’

या उजेडाचा शोध लागला १८०० साली, इंग्लंडमध्ये. विल्यम हर्शेल हा मूळचा वाजंत्री माणूस, पुढं खगोलशास्त्रज्ञ झाला. लोलकातून उन्हाचे रंग पाडून कुठला रंग किती ऊब देतो, हे तो थर्मामीटर ठेवून मोजत होता. तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. पुढच्याच वर्षी जर्मनीत रिटरनं दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडं, असाच न दिसणारा प्रकाश शोधला. म्हणजे आपण ज्याला उजेड म्हणतो ती एका लांबलचक पट्टीची मधली बोटभर जागा. बाकीच्या पट्टीला आपण अंधार म्हणत आलो.

घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. तुमच्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण बहुतेक मोबाईलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला दिवा लुकलुकताना दिसेल. तांबड्याच्या लगतचा हा उजेड. काही कापडं याला अडवत नाहीत. १९९८ साली सोनी कंपनीच्या रात्री चित्रण करणाऱ्या हँडीकॅमबद्दल बोभाटा झाला तो याच कारणानं. रात्रीची सोय दिवसा वापरून, भिंगावर एक गाळणी लावली की काही पातळ कपड्यांच्या आतलं अंधुक दिसत होतं. कंपनीला कॅमेऱ्याच्या रचनेत बदल करावा लागला.

दुसरा प्रकार उष्णतेच्या कॅमेऱ्याचा. त्याला बाहेरचा उजेड लागतच नाही, कारण तुमचं-माझं अंगच त्याच्यासाठी उजळलेलं असतं. भिंतीवर टेकवलेला हात उचलला, तरी त्याचा ठसा काही क्षण त्याला दिसत राहतो. करोनाच्या साथीत, २०२० साली, दुकानादुकानाच्या दारात आपण कपाळ पुढं केलं होतं, ते उपकरण याच्याच कुळातलं. याच्याबद्दल गैरसमज मात्र बरेच आहेत. भिंतीच्या आरपार तो बघू शकत नाही. एवढंच काय, खिडकीची साधी काचही त्याला पडद्यासारखी आडवी येते. भीती बाळगायची तर नेमकी बाळगावी, म्हणून हे सांगितलं.

आता पडद्याचं सांगतो. आमच्या जुन्या घराच्या माडीला लाकडी जाळी होती आणि तिच्या आत बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा. दादी दुपारी त्याच्यामागं बसून सगळी गल्ली बघायची. तिला रस्ता स्वच्छ दिसायचा, रस्त्यावरच्यांना मात्र जाळीमागं नुसता अंधार. आत काळोख आणि बाहेर ऊन, एवढ्यावर ती सगळी किमया चालायची. दिवेलागणीला हिशेब उलटा व्हायचा. आत दिवा लागला की बाहेरच्याला आतलं दिसणार. म्हणून मगरीबची अजान झाली की दिवा लावायच्या आधी दादी आवाज द्यायची, ‘आधी जाड पडदा ओढा रे.’ विज्ञानातलं एक अक्षर तिला ठाऊक नव्हतं, पण उजेडाचा कायदा तिला पक्का कळला होता. कोण कुणाला दिसणार हे उजेड ठरवतो, आणि उजेड बदलला की आपल्याला ते कळतं. या दुसऱ्या अर्ध्यावर सगळा भरवसा असतो.

पडदा म्हटलं की लोकांना बाईला कोंडणं तेवढं आठवतं. ती बाजू खरी आहे आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण पडद्याला आणखी एक बाजू होती. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली खास पडदानशीन बायकांसाठी फोटो स्टुडिओ काढला. तिथं कॅमेऱ्यामागं एक युरोपियन बाई असायची. फोटोला त्या बायकांची ना नव्हती. कोण बघणार, हे मात्र त्यांना आधी ठाऊक हवं होतं.

कुराणाच्या चोविसाव्या अध्यायाचं नाव ‘नूर’. नूर म्हणजे प्रकाश. ईश्वराला आकाश आणि धरतीचा प्रकाश म्हणणारी प्रसिद्ध आयत याच अध्यायात येते. आणि दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय पाऊल टाकू नका, हा नियमही याच अध्यायात आहे. दिवसातल्या तीन वेळा तर अशा सांगितल्या आहेत की तेव्हा घरातल्या नोकरानं आणि लहान मुलानंही विचारूनच आत यावं: पहाटेच्या नमाजाआधी, दुपारी कपडे सैल केल्यावर आणि रात्रीच्या नमाजानंतर. प्रकाशाच्या अध्यायात दस्तक देण्याचा नियम यावा, याचं मला लहानपणी नवल वाटत असे. आता वाटत नाही.

दस्तकीचा विषय आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढंही आला होता. उत्तर प्रदेशातला खडक सिंग हा माणूस दरोड्याच्या खटल्यातून पुराव्याअभावी सुटला, पण पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री शिपाई येऊन दार ठोठावत आणि त्याला उठवत. १९६२ साली न्यायालयानं रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, मात्र खासगीपणाचा हक्क म्हणून काही घटनेत नाही असंही म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. ते मत बहुमताचं व्हायला पंचावन्न वर्षं लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमुखानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खडक सिंगचा त्रास खराच होता, पण दार वाजत होतं, हेही विसरू नका. शिपाई आला हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणून तो न्यायालयात जाऊ शकला.

दार न वाजवता आलेल्या पोलिसांची गोष्ट अमेरिकेतली. ओरेगन राज्यातल्या फ्लोरेन्स गावात १६ जानेवारी १९९२ रोजी पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी सरकारी माणसांनी मोटारीत बसून डॅनी कायलो याच्या घरावर उष्णतेचा कॅमेरा रोखला. तो घरात दिव्यांखाली गांजा लावतो, असा संशय होता. छत आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा जास्त तापलेली दिसली, त्यावरून वॉरंट निघालं आणि आत शंभरावर झाडं सापडली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं की वॉरंटशिवाय असं बघणं ही झडतीच आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया एरवी कडवे परंपरावादी. पण त्यांनी दिलेला दाखला आमच्या दादीला लगेच पटला असता: घरची बाई रोज रात्री किती वाजता स्नानाला जाते, हेही हे यंत्र सांगू शकेल. गांजावाल्याच्या बाजूनं निकाल लागला याचं कुणाला वाईट वाटेल. मला त्या स्नानाची काळजी जास्त महत्त्वाची वाटते.

घराचं झालं. रानाचं काय? इथं मी आपल्या जिल्ह्याकडं वळतो. राधानगरी-दाजीपूरचं रान संस्थानच्या काळात शिकारीचं होतं. १९५८ साली ते महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं. पलीकडं कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याचं मुख्य कार्यालय कोल्हापुरात आलं. २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीच्या जंगलात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. मीही हरखलो होतो. वाघ मोजायचे तर हे कॅमेरे हवेतच. त्याच वर्षीच्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१ होती.

असला कॅमेरा झोपलेला असतो. त्याला जागं करतो तो तांबड्यापलीकडचा एक डोळा. समोरून ऊबदार अंग हललं की तो कॅमेऱ्याला खूण करतो. पुढं फोटो कधी लख्ख झोतात निघतो, कधी न दिसणाऱ्या उजेडात, दिवसा तर झोताशिवायच. त्या डोळ्याला ऊब कळते. ती वाघाची की सरपणाला गेलेल्या बाईची, हे कळत नाही.

वाघानं स्वतःचा फोटो स्वतः काढावा ही युक्ती आपल्या देशात गाजवली एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं. शिवालिकच्या जंगलात पायवाटेवर तार ताणायची, वाघाचा पाय लागला की दारूचा भपकन उजेड व्हायचा आणि फोटो निघायचा. १९२७ साली त्याचं पुस्तक आलं. त्या भपक्यानं वाघालाही कळायचं की काहीतरी झालं.

त्याच डोंगररांगांच्या पायथ्याशी आज कॉर्बेट व्याघ्र प्रकल्प आहे. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई तिथं चौदा महिने राहिले, गावोगावच्या २७० माणसांशी बोलले, आणि २०२४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एक प्रसंग आहे. रानात शौचाला बसलेल्या एका स्वमग्न तरुणीचा फोटो जंगलातल्या कॅमेऱ्यात निघाला. वनखात्यात हंगामी कामाला लागलेल्या पोरांनी तो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांवर फिरवला. गावकऱ्यांनी सापडतील तेवढे कॅमेरे फोडून जाळले.

चोरून बघण्याविरुद्ध आपल्याकडं २०१३ पासून स्वतंत्र कलम आहे. भारतीय न्याय संहितेत ते आता ७७ वं. खासगीपणाची वाजवी अपेक्षा असते अशी जागा, अशी त्याची भाषा आहे. ज्या वाडीत संडास नाही तिथल्या बाईसाठी ओढ्याकाठची झुडपं ही अशी जागा आहे की नाही? माझं उत्तर ‘आहे’ असं आहे. दाजीपूरच्या धनगरवाड्यांवरच्या बायका सरपणाला, हिरड्याला, करवंदाला रानात जातात. त्यांच्या वाटांवर कॅमेरा लावायचा तर आधी वाडीत सांगावं, झाडावर चित्राची पाटी लावावी, माणसांचे फोटो बघायला बाई कर्मचारी असावी आणि ते त्याच दिवशी पुसावेत. याला फार पैसा लागत नाही. दस्तक द्यायला कधीच लागला नव्हता.

सिमलाईंच्या निबंधातली गाण्याची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. आपल्याकडं बाईनं मनातलं बोलायची जागा म्हणजे जातं, आणि वेळ पहाटेची, घर उठायच्या आधीची. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखावर ओव्या जमवल्या, त्या बायकांजवळ बसून, त्यांच्या राजीखुशीनं. कॉर्बेटच्या बायकांसाठी ती जागा जंगल होती. घरचा दारुडा नवरा आणि मारझोड मागं टाकून त्या लाकूडफाट्याला जात, मोकळं बोलत आणि मोठ्यानं गात. त्या गाण्याचा आणखी एक उपयोग होता. माणूस येतंय याची जनावराला वर्दी मिळायची आणि ते बाजूला व्हायचं. कॅमेरे आल्यापासून त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या, गाणं कमी झालं, आणि कॅमेरा चुकवायला त्या अनोळखी भागात आत-आत जाऊ लागल्या. संशोधकाशी बोललेल्या बायकांपैकी एक पुढं वाघाच्या हल्ल्यात गेली.