मळलेली वाट

सध्या शनिवार-रविवार स्पॅनिश शिकायचा उद्योग चालू आहे. परवा 'त्रियादो' हा शब्द भेटला. अर्थ: मळलेलं (धान्य). पण 'कामिनो त्रियादो' म्हणजे काय? मळलेली वाट! शब्दशः आपलीच. मी उडालोच.

कारण साधं आहे. दोन्हीकडे जनावरं गोल फिरत. तिकडे त्यांच्यामागे खालून गारगोटीचे तुकडे ठोकलेली फळी असे, तिला लॅटिनमध्ये 'ट्रिब्युलम' म्हणत. (इंग्रजीतलं ट्रिब्युलेशन तिथलंच. बिचारी कणसं!) आपल्याकडे शेणानं सारवलेलं खळं, मधोमध मेढ आणि तिच्याभोवती फिरणारी बैलांची पात. मग वाऱ्यावर उफणणी, आणि शेवटी रास.

रास पडली की खळ्यावर बलुतेदार हजर. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... वर्षभराच्या कामाचा मोबदला धान्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) हे सगळं तपशीलवार आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲन्युअल मेंटेनन्स काँट्रॅक्ट. गावाच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाणारे इथेच थांबतात.

पण काँट्रॅक्ट म्हटलं की नाही म्हणायची सोय हवी ना? महारांना ती नव्हती. सरकारी निरोप, सामान वाहणं, मेलेली गुरं ओढणं, दिवसरात्र राबणं. बदल्यात थोडी वतनी जमीन आणि खळ्यावर हात पसरून मिळेल ते. पगार सरकारने द्यायचा तो गावकऱ्यांच्या मर्जीवर सोडलेला, आणि वर १८७४चा वतन कायदा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक आणलं. बलुत्याऐवजी रोख रक्कम वसूल व्हावी, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे खळ्यावर जायलाच नको. विधेयक १९२९ साली मागे घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १९३५ साली येवल्याची घोषणा. मंदिराचं सगळ्यांना माहीत असतं, खळ्याचं कोणी बोलत नाही. मला तर धान्याचा प्रश्न तितकाच मोठा वाटतो.

ही वतनं गेली १९५८च्या कायद्याने.

खळं मात्र कागदावर आहे बरं का! जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम २२: कुरण, स्मशान, बाजार यांच्यासोबत खळ्यासाठीही जागा राखून ठेवता येते. आता मळणीयंत्रातून दाणे सरळ पोत्यात पडतात, तरी कित्येक गावांत त्या जागेला अजून खळवाडीच म्हणतात.