रूट पासवर्ड मुंबईत

बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागलं की माळेगाव बुद्रुक येतं. बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते साखर कारखान्यामुळे. २०२१ मध्ये इथली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. मग बराच काळ प्रशासक, आणि पहिली निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये. १७ नगरसेवक, शिवाय लोकांनी थेट निवडलेला नगराध्यक्ष.

या 'थेट' शब्दाचा इतिहास मोठा मजेशीर आहे बरं का.

महाराष्ट्रात २००१ साली विलासराव देशमुखांच्या सरकारने नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. २००६ मध्ये ते रद्द झालं, तेव्हाही मुख्यमंत्री विलासरावच! २०१६ मध्ये फडणवीस सरकारने थेट निवडणूक परत आणली आणि २०१७ मध्ये सरपंचालाही तोच नियम लावला. २०२० मध्ये महाविकास आघाडीने दोन्ही काढून टाकलं. तेव्हा नगरविकास खातं होतं एकनाथ शिंदेंकडे. २०२२ मध्ये तेच शिंदे मुख्यमंत्री झाले आणि दोन्ही पुन्हा 'थेट'.

आता दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत, हे मान्य. सदस्यांनी अध्यक्ष निवडायचा म्हटलं की पळवापळवी आली, सहली आल्या, अविश्वास ठरावाची टांगती तलवार आली. थेट निवडला तर अध्यक्ष एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, मग प्रत्येक ठरावाला खोडा. कुठली पद्धत चांगली यावर प्रामाणिक वाद होऊ शकतो.

पण गंमत अशी की ज्या सभागृहाला हे भोगायचं असतं, त्याला या वादात मतच नाही. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा दिली खरी, पण सरपंच आणि नगराध्यक्ष कसा निवडायचा हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. विधानसभा मात्र कलम २०८ प्रमाणे स्वतःच्या कामकाजाचे नियम स्वतः करते. आपल्या भाषेत सांगायचं तर गावाला युजर अकाउंट मिळालं, रूट पासवर्ड मुंबईतच राहिला.

यात माळेगावसारख्या गावाचं आणखी एक नुकसान होतं. २०१७ च्या कायद्यात सरपंचावरचा अविश्वास ठराव ग्रामसभेपुढे नेण्याची सोय होती, म्हणजे शेवटचा शब्द गावाचा. नगरपंचायत झाली की सगळ्या गावाची ती ग्रामसभाच जाते. गटारापासून घरपट्टीपर्यंत सगळ्यांसमोर उभं राहून जाब विचारायची जागा संपली.

मग करायचं काय? सगळे अधिकार गावाला देऊन टाका असं मी म्हणत नाही. सतरा जणांच्या हातात स्वतःचे नियम दिले तर काय होईल, ते आपल्या सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्यांना सांगायला नको :) पण एक साधा उपाय जगात आहे. अमेरिकेत काँग्रेसच्या सभासदांनी पगार वाढवला तर तो मधे एक निवडणूक झाल्यावरच लागू होतो. १७८९ मध्ये मांडलेली ही दुरुस्ती मंजूर व्हायला १९९२ उजाडलं!

आपल्याकडेही तसंच करावं. नगराध्यक्ष निवडीची पद्धत खुशाल बदला, पण ती लागू होऊ दे पुढच्या विधानसभा निवडणुकीनंतर. बदलणाऱ्याला आपला फायदा कुठे होईल ते आधी कळणारच नाही. मग जो बदल करावासा वाटेल, तो बहुधा गावाच्या भल्याचा असेल.