वाशीम जिल्ह्यातील अवर्षण आणि 1899-1900 चा दुष्काळ

1 मार्च 1901 रोजी झालेल्या जनगणनेत तत्कालीन वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या 3,53,410 भरली. दहा वर्षांपूर्वीच्या गणनेशी ती ताडून पाहता शेकडा 11 माणसे कमी झाली होती. म्हणजे सुमारे चव्वेचाळीस हजारांची घट. दहा वर्षांत स्वाभाविकपणे व्हावयाची वाढ हिशेबात धरली, तर खरी हानी याहूनही मोठी ठरते. या घटीचे कारण त्या काळच्या सर्व सरकारी ग्रंथांनी एका शब्दात दिले आहे : दुष्काळ. परंतु 'दुष्काळ' या एका शब्दात आकाशातील घटना किती आणि जमिनीवरील किती, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही, किंबहुना तेथूनच तो सुरू होतो.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. 1901 चा वाशीम जिल्हा आणि आजचा वाशीम जिल्हा हे एक नव्हेत. जुन्या जिल्ह्यात वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके होते आणि त्याचे क्षेत्रफळ 2,949 चौरस मैल होते. ऑगस्ट 1905 मध्ये वऱ्हाडाची फेरमांडणी होऊन हा जिल्हाच मोडण्यात आला; वाशीम व मंगरूळ अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेले. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा निघाला, तेव्हा पुसद त्यात आले नाही. उलट पूर्वी मूर्तिजापूर तालुक्यात मोडणारे कारंजे त्यात आले. म्हणून जुने आकडे आजच्या नकाशावर जसेच्या तसे बसविणे ही चूक होईल. दुष्काळाच्या इतिहासात अशा चुका पुष्कळ झालेल्या आहेत.

तसेच काही संज्ञांचे अर्थही निश्चित करून घ्यावयास हवेत. आज पाऊस पडला, काल ऊन होते, ही झाली हवा. एखाद्या प्रदेशात अनेक वर्षांच्या अनुभवाने जे ऋतुमान ठरते, ते हवामान. त्याच्या सरासरीसाठी शास्त्रज्ञ साधारणतः तीस वर्षांचा काळ घेतात. पाऊस सरासरीहून बराच कमी पडणे हे अवर्षण होय आणि त्यामुळे माणसांना अन्न न मिळणे हा दुष्काळ होय. अवर्षण ही निसर्गातील घटना आहे. दुष्काळ ही समाजातील घटना आहे. पहिलीतून दुसरी उद्भवते, पण दर वेळी नव्हे आणि सर्वत्र सारख्या प्रमाणात तर कधीच नव्हे. नैसर्गिक आपत्तीचा अभ्यास करणाऱ्याने हा भेद प्रथमपासून ध्यानात ठेवला पाहिजे.

वऱ्हाडाचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. पूर्णेच्या काठची सखल, काळ्या कसदार मातीची पट्टी म्हणजे पायनघाट. अकोला त्यात येते. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेने धरलेले पठार म्हणजे बालाघाट. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आत आहे, तर वाशीम साडेपाचशेच्या जवळपास. पायनघाट आणि बालाघाट यांमधील हा फरक नुसत्या उंचीचा नाही. काटेपूर्णा वाशीमच्या भूमीत उगम पावून उत्तरेस पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. तर पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यात जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजे हा जिल्हा दोन समुद्रांच्या पाणलोटांमधील दुभाजकावर बसलेला आहे. अशा ठिकाणी पडलेले पाणी थांबत नाही, दोन्हीकडे वाहून जाते. खाली अभेद्यप्राय काळा खडक. त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात जेवढे मुरेल तेवढेच विहिरींना. पैनगंगेच्या खोऱ्यात माती खोल आहे. पण उतारांवर ती विटभर किंवा त्याहूनही कमी असून आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की पिके माना टाकतात.

पावसाची सरासरी मात्र वाईट नाही. वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो; नगर किंवा सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास तो हेवा वाटण्याजोगा आहे. परंतु सह्याद्री ओलांडून येणारा अरबी समुद्राचा वारा आपले बहुतेक पाणी कोकणात टाकून येतो. विदर्भाचा पाऊस पुष्कळसा बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन ओरिसा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. ही क्षेत्रे निर्माण झाली नाहीत, किंवा कमी दाबाचा पट्टाच हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, म्हणजे येथे पावसात खंड पडतो. त्यातही पूर्वेकडील वणी-यवतमाळच्या मुलखास त्यांचा लाभ आधी आणि अधिक होतो, पश्चिमेकडील पठारास कमी. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

या अनिश्चिततेची जाणीव या भूमीत नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात प्रदेशवार पावसाचे मान द्रोणांत दिले आहे आणि गोदाकाठच्या अश्मक देशाचे मान त्याने अवंतीपेक्षा बरेच कमी धरले आहे. वराहमिहिराने पाऊस मोजण्याची रीत सांगितली आणि मेघांचा गर्भ धरल्यापासून 195 दिवसांनी वृष्टी होते असा सिद्धांत मांडला. सिद्धांत टिकला नाही; पण पाऊस मोजावा ही कल्पना टिकली. शेतकऱ्याचे पंचांग अधिक व्यवहारी होते. मृगावर पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत पिकाची वाढ, मघा-पूर्वावर कणीस भरणे आणि हस्ताच्या पावसावर रब्बीची ओल, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सूर्याच्या नक्षत्रप्रवेशावर आधारलेली ही कालगणना म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा केव्हा पडला याला महत्त्व देणारे शास्त्र होते. वार्षिक सरासरीवर विसंबणाऱ्या अभ्यासकांस त्यापासून घेण्यासारखे काही आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या नगरातील पद्मतीर्थादी तलाव आज धार्मिक दृष्टीने पाहिले जातात. पण दुभाजकावर वसलेल्या, नदी नसलेल्या नगरास साठवलेल्या पाण्यावाचून गत्यंतर नव्हते, हेही त्यांच्याकडे पाहताना आठवावे.

आधुनिक शास्त्राचा प्रवेश दुष्काळाच्याच वाटेने झाला. 1875 साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. पुढे दोनच वर्षांनी, 1877 साली, देशाच्या मोठ्या भागात पावसाने दगा दिला. ब्लॅनफर्ड यांनी 1884 मध्ये हिमालयातील बर्फवृष्टी आणि पुढील पावसाळा यांचा संबंध मांडला आणि 1886 पासून मोसमी पावसाचा अंदाज सरकारीरीत्या प्रसिद्ध होऊ लागला. त्यांच्यामागून आलेले जॉन इलियट अंदाजात अधिक तपशील घालू लागले. 1899 चा त्यांचा अंदाज अनुकूल होता. प्रत्यक्षात त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या चतुर्थांशाहून अधिक घटला. 1904 मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी या अपयशापासून धडा घेऊन जगभरच्या निरीक्षणांचा गणिती संबंध शोधला आणि 1920 नंतरच्या दशकात 'दक्षिणी आंदोलन' म्हणून ओळखला जाणारा, प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा झोका त्यांना सापडला. 1969 मध्ये ब्यर्कनेस यांनी त्याचा प्रशांत महासागराच्या तापण्याशी, म्हणजे 'एल निनो'शी, सांधा जुळविला. 1877 आणि 1899 ही दोन्ही वर्षे एल निनोची होती, हे आज माहीत आहे. परंतु 1997 साली प्रबळ एल निनो असूनही भारतात पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. तेव्हा कारण सापडले म्हणजे भविष्य सापडले, असे म्हणता येत नाही.

1899 च्या अवर्षणाने खरीप बुडाले आणि ओलीअभावी रब्बीही हाती लागले नाही. शके 1821 चे हे वर्ष. विक्रम संवत 1956 वरून गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात. 1896-97 च्या दुष्काळाची झळ नुकतीच सोसून झालेली असल्यामुळे गाठीला काही उरले नव्हते. धान्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, चाऱ्याचा तुटवडा हे या दुष्काळाचे लक्षण होते. बैल मेला म्हणजे पुढील वर्षी पाऊस पडूनही नांगर-वखर चालत नाही. अशा रीतीने एका वर्षाचे अवर्षण दुसऱ्या वर्षात शिरते. अन्नावाचून खंगलेल्या शरीरांवर पटकी आणि हिवताप यांनी घाला घातला. मृत्यूचा मोठा वाटा उपासमारीपेक्षा रोगांचा असतो, ही गोष्ट दुष्काळाच्या प्रत्येक चिकित्सक इतिहासात दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. 1901 मध्ये सबंध वऱ्हाडाची लोकसंख्या 27,54,016 होती आणि दशकातील घट शेकडा सुमारे 5. वाशीमची घट 11. जिल्हावार पाहिले तर चित्र विलक्षण आहे. वाशीमला लागून असलेल्या बुलढाण्याची घट शेकडा 12, अमरावतीची 4, वणीची अवघी 1. आणि अकोल्यात तर शेकडा 1 वाढ झालेली! अकोला आणि वाशीम यांमध्ये अंतर एका घाटाचे. पावसाने एवढा पंक्तिप्रपंच केला असेल, हे संभवत नाही.

पहिले उत्तर रेल्वेचे सुचते. 1860 नंतरच्या दशकात भुसावळ-नागपूर मार्ग पायनघाटातून गेला. अकोला त्यावर होते. वाशीमला तेव्हा रेल्वे नव्हती. रेल्वेने बाहेरचे धान्य आणले व मृत्यू टळले, असे पश्चिम भारताच्या दुष्काळांचा अभ्यास करणाऱ्या मिशेल मॅकॅल्पिन यांच्या 1983 च्या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. याउलट लक्ष्मण सत्य यांनी 1997 मध्ये वऱ्हाडासंबंधीच्या ग्रंथात असे दाखविले की, कापसाच्या व्यापाराने आणि सरकारी साऱ्याने शेतकऱ्याचे धान्य, चारा आणि गायराने हिरावून घेतली व त्यातून दुष्काळ घडला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळापासून वऱ्हाडात कापसाचा जो जोर झाला, त्याने गावातील पेवांतील धान्याची जागा रोख पैशाने घेतली, आणि टंचाईच्या वर्षी मजुरी बंद झाल्यावर तो पैसाही मजुराच्या हाती राहिला नाही, ही त्या युक्तिवादातील जमेची बाजू होय.

परंतु वाशीमचे आकडे दोन्ही मतांना अडचणीत आणतात. कापसानेच दुष्काळ घडविला असेल, तर कापसाचे माहेरघर असलेल्या अकोल्याची हानी सर्वांत जास्त व्हावयास हवी होती. रेल्वेनेच प्राण वाचविले असतील, तर रेल्वेपासून दूर, जंगलांनी भरलेल्या वणीची घट एकच टक्का का? वणीचे उत्तर बहुधा पूर्वेकडील अधिक पावसात आणि रानातील मोहाफुले, कंदमुळे यांत असावे. अकोल्याच्या वाढीतही सावध राहिले पाहिजे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि बाजारपेठा असलेल्या जिल्ह्यात घाटावरची माणसे उतरून आली असतील, तर एका जिल्ह्याची घट दुसऱ्याच्या वाढीत लपते. जनगणना मेलेला आणि निघून गेलेला यांत भेद करीत नाही. तथापि बुलढाणा आणि वाशीम हे घाटावरचे दोन शेजारी जिल्हे जवळजवळ सारख्याच प्रमाणात खचले, यावरून उथळ माती, निसटते पाणी, विरळ वाहतूक आणि कापसाइतका नगदी आधार नसलेली शेती या सर्वांचा संयोग घातक ठरला, असे मानणे सयुक्तिक दिसते. वाशीममध्ये चौरस मैली सुमारे 120 माणसे राहत होती, सबंध वऱ्हाडात सुमारे 155. तेव्हा दाट वस्तीने दुष्काळ आणला हे त्या काळी वारंवार ऐकू येणारे कारण येथे मुळीच लागू पडत नाही.

सरकारी मदतीविषयी थोडे. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या होत्या. प्रथम चाचणीची कामे काढावयाची, गर्दी झाली तर खडी फोडण्याची व रस्त्यांची मोठी कामे सुरू करावयाची, अपंगांस घरपोच धान्य द्यावयाचे आणि शेतकऱ्यास तगाई व साऱ्याची तहकुबी, असा त्यांचा क्रम असे. योजना कागदावर सुसंगत होती. तिचा दोष असा की, माणूस घर सोडून कामावर येईल इतका खचल्यावाचून तिला संकट ओळखताच येत नसे. 1901 च्या मॅकडोनेल आयोगाने मदत लवकर आणि आधीपासून सुरू करण्यावर भर दिला, तो या अनुभवानंतर. 1972 च्या अवर्षणात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे कामांवर आली, पण 1900 सारखा मृत्यूचा लोंढा आला नाही. त्याच वर्षी सुरू झालेली रोजगार हमी योजना 1977 च्या कायद्याने हक्कात रूपांतरित झाली. मोसमी पावसाची तूट 1972 मध्येही चतुर्थांशाच्या जवळ होती.

आज वाशीमच्या शेतात कापसाच्या बरोबरीने, बहुतेक ठिकाणी त्याच्याही पुढे, सोयाबीन आहे. 2006 साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्राने विशेष मदत जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. अवर्षणाबरोबर गारपिटीचाही धोका आता नोंदला जातो. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात उभे रब्बी पीक तिने झोडपून काढले. पूर्वी तालुक्याच्या गावी असलेल्या एका पर्जन्यमापकावरून सबंध तालुक्याचा निवाडा होई. आता महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे आहेत आणि पीकविम्याच्या काही दाव्यांत त्यांचे आकडे विचारात घेतले गेले आहेत. मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस शिवारात पडला होता की नाही, हा वाद त्यामुळे आता नवा उभा राहिला आहे.