वैद्याचा पहिला प्रश्न

आपण दवाखान्यात जातो, बाकावर बसून नंबर लागण्याची वाट पाहतो आणि एकदाचे आत जातो. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" या प्रश्नाकडे आपले फारसे ध्यान नसते. ध्यान असते त्यांच्या गळ्यातल्या नळीकडे, नाहीतर टेबलावरच्या सुईकडे. सुई टोचली की बरे वाटले, असे म्हणत आपण घरी येतो. पण वैद्याच्या पेटीतले सगळ्यांत जुने हत्यार कोणते म्हणाल, तर ती सुई नव्हे आणि ती नळीही नव्हे. ते हत्यार म्हणजे हा प्रश्न. रोग्याची हकीकत विचारून घेणे ही एक विद्या आहे. तिलाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात तुमचा-माझा वाटा मोठा आहे. तो कसा, ते पाहू या.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोगी तपासण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत : पाहणे, स्पर्श करणे आणि प्रश्न विचारणे. सुश्रुताने पाच इंद्रियांच्या जोडीला प्रश्न हा सहावा उपाय मानला. चरकसंहिता तर फार बारकाईत शिरते. हा माणूस कोणत्या मुलखात जन्मला, कुठे वाढला, कुठे आजारी पडला, तिथले लोक काय खातात, कसे वागतात, हे सारे वैद्याने जाणून घ्यावे असे ती सांगते. रोग्याच्या तोंडाला चव कशी आहे, हे वैद्याला कसे कळणार? डोळ्यांना ते दिसत नाही, हाताला लागत नाही. ते रोग्यालाच विचारले पाहिजे, असा तिचा निर्वाळा आहे. साधीच गोष्ट, पण तिच्यात मोठे मर्म आहे. आजारातला काही भाग असा असतो, की तो फक्त आजाऱ्यालाच ठाऊक असतो. त्याने सांगितला तरच वैद्याला कळणार.

ग्रीक वैद्यही याच वाटेने गेले. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात, परक्या गावी गेलेल्या वैद्याने तिथले वारे कुठून वाहते आणि लोक पाणी कोणते पितात याची चौकशी करावी, असा उपदेश आहे. पुढे इसवी सन १०० च्या सुमारास इफिसस गावच्या रूफस नावाच्या वैद्याने केवळ रोग्याला प्रश्न विचारण्यावर एक छोटे पुस्तकच लिहिले. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येते. रूफस सांगतो, की रोग्याला बोलते करा. तो काय सांगतो ते तर ऐकाच, पण कसे सांगतो तेही पाहा. उत्तर सुसंगत आहे की भ्रमिष्टासारखे? आवाजात जोर आहे की क्षीण आहे? आणि रोगी लहान मूल असेल, बेशुद्ध असेल, तर त्याच्या जवळच्या माणसांना विचारा.

आता सतराव्या शतकाच्या शेवटाकडे, इटलीतल्या मोडेना शहरात या. तिथे बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य राहत. त्यांच्या घरचा मैलाखड्डा उपसायला एक मजूर आला होता. खड्ड्यात तो घाईघाईने, जिवाच्या आकांताने काम करीत होता. रामाझिनींनी त्याला विचारले, "बाबा, एवढी घाई कशाला? जरा दमाने घे." त्याने मान वर करून सांगितले, की इथे जास्त वेळ राहिले तर डोळे जातात, म्हणून लवकर बाहेर पडायचे. वैद्यबुवांनी त्याचे डोळे पाहिले. ते लाल आणि निस्तेज झाले होते. पुढे त्यांना गावात असे काम करून आंधळे झालेले भिकारीही दिसले. रामाझिनी कुंभार, खाणमजूर, धोबिणी, सुईणी अशा कितीतरी लोकांच्या कामाच्या जागी हिंडले आणि १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. हिपोक्रेटिसच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : "तू काम काय करतोस?" गरिबाच्या घरी सोन्याची खुर्ची नसेल तर वैद्याने तिपाईवर बसावे, पण बसून निवांत विचारपूस करावी, असेही त्यांनी बजावले आहे.

हा प्रश्न इटलीत राहिला असे समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे प्राणही गेले. मळमळ, चक्कर, अंधारी येणे ही लक्षणे तशी कितीतरी आजारांत दिसतात. अशा वेळी "आज शेतात काय केलंत? कोणतं औषध फवारलं?" हे विचारले आणि सांगितले गेले, तर उपचाराला दिशा मिळते. त्या औषधाची बाटली, निदान तिच्यावरची चिठ्ठी सोबत नेली तर आणखी चांगले.

काही वेळा प्रश्नाचे उत्तर द्यायला रोगी उरलेला नसतो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली आणि थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. पटकी वाईट हवेने होते असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. ते घरोघर गेले आणि एकच गोष्ट विचारीत राहिले : "पाणी कुठलं पीत होता?" बरीच उत्तरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपापाशी येऊन थांबली. पण एक मृत्यू कोड्यात टाकणारा होता. तिथून काही मैलांवर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा पटकीने वारली होती. तिच्या आसपास साथ नव्हती. स्नो यांनी तिच्या मुलाकडे चौकशी केली. तेव्हा कळले, की बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटजवळ राहत होत्या, तिथले पाणी त्यांना गोड लागे, म्हणून रोज त्या पंपाच्या पाण्याची बाटली गाडीतून त्यांच्याकडे जात असे. कोडे सुटले. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर उतरणीला लागली होती हे खरे. पण रोग पाण्यातून पसरतो याचा असा भक्कम पुरावा केवळ विचारपूस करून हाती आला.

मात्र प्रश्न विचारला म्हणजे उत्तर मिळतेच असे नाही. कोण विचारतो आणि कोणासमोर विचारतो, यावर पुष्कळ असते. बाईमाणूस परक्या पुरुषापुढे आपले दुखणे कसे सांगणार? एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या कित्येक बायकांनी आजार अंगावर काढले ते या संकोचापायी. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते अवघ्या काही दिवसांत गेले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांनी १८८३ साली श्रीरामपूर येथे (बंगालमधले श्रीरामपूर, बरं का) भरसभेत सांगितले आणि त्या अमेरिकेला गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला वारल्या. ज्या बायकांची हकीकत ऐकायला त्या एवढ्या लांब गेल्या, ती ऐकण्याएवढे आयुष्य त्यांना लाभले नाही. तरीही आज दवाखान्यात पाहावे, तर प्रश्न सुनेला असतो आणि उत्तर सासू देते, नाहीतर नवरा देतो. अशा वेळी "मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचं आहे," असे म्हणायला कोणत्याही बाईने कचरू नये, आणि घरच्यांनी त्याचा राग मानू नये.

मग यंत्रे आली. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले. ती आजच्या नळीची पूर्वज. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यानंतर रक्ताच्या तपासण्या आल्या, सोनोग्राफी आली. यांनी लाखो जीव वाचवले, त्यांना नावे ठेवू नयेत. पण प्रश्नाचे मोल त्याने कमी झाले का? १९७५ साली इंग्लंडमधल्या डॉ. हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० नव्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत हकीकत ऐकून झालेले निदानच शेवटी कायम राहिले. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ७४ भेटी तपासल्या, तेव्हा सरासरी १८ सेकंदांतच डॉक्टर रोग्याचे बोलणे तोडतात असे दिसले. एवढे मोलाचे हत्यार, आणि ते चालवायला १८ सेकंद!

निवांत विचारपूस केल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्या कोकणात आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करीत होते. लाल विंचू चावलेली माणसे त्यांच्यापुढे दगावत. ते रोग्यांच्या उशाशी बसले. किती वाजता चावला, उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, हे टिपत राहिले. विषाचा घाला हृदयावर होणार याची वर्दी ही लक्षणे आधीच देतात, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे निरीक्षण छापून आले. पुढे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरात आणले आणि कितीतरी जीव वाचले.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांनी नीट विचारावे हे खरेच, पण सांगण्याची तयारी आपणही ठेवू या. आपली मराठी या कामी मोठी श्रीमंत आहे. दाढेत कळ येते, गळू ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, छातीत जळजळ होते. "अंगात बरं नाही," एवढ्यावर थांबू नका. नेमका शब्द सांगा, कारण त्या शब्दातच निम्मे निदान असते. तारीख आठवत नसेल तर नागपंचमीच्या आधी की पोळ्यानंतर, हे तरी आठवेल. आधी काय झाले, मग काय झाले, ते क्रमाने सांगा. पूर्वीचे आजार सांगा, जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत ठेवा. झाडपाला घेतला असेल, भगताकडे गेला असाल, दारूतंबाखू असेल, तर तेही लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून झाकलेली गोष्ट कधीकधी जिवावर बेतते.

आणि गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. मुलांकडून एकदा घरातल्या आजी-आजोबांच्या आजाराची हकीकत वहीत लिहून आणवा : कधीपासून, काय होते, कोणते औषध चालू आहे, कोणते सोसत नाही. पण ती वही वर्गात वाचून दाखवू नका. दुखणे ज्याचे त्याचे असते. ती घरीच राहू द्या. रात्रीअपरात्री आजीला गाडीत घालून न्यायची वेळ आली आणि तिची वाचा बसली असेल, तर डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत असेल.