'गरिबी हटाओ'चं पुढे काय झालं?

1971 च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसला लोकसभेच्या 518 पैकी 352 जागा मिळाल्या. विरोधक म्हणत होते 'इंदिरा हटाओ', त्या म्हणाल्या 'गरिबी हटाओ'. उमेदवार कोण, हे बऱ्याच ठिकाणी कुणी विचारलंच नाही. मत बाईंना होतं.

त्या काळाचा विषय निघाला की आपण थेट आणीबाणीवर येतो. पण लोकांचं मन 25 जून 1975 च्या एका रात्रीत फिरलं नव्हतं. ते हळूहळू उतरत गेलं होतं.

मत देणारे भाबडे होते असंही नाही. 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. निवडून आल्यावर संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्याच डिसेंबरात बांगलादेश मुक्त झाला. विश्वास ठेवायला कारणं होती.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर मिलो आला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. 1973 मध्ये सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापार हातात घेतला आणि वर्षभरात सोडून दिला. त्यातच जगभरात तेल भडकलं. महागाई 20 टक्क्यांच्या वर गेली. मे 1974 चा रेल्वे संप हजारो कामगारांना तुरुंगात टाकून मोडला.

आता पाऊस आणि तेल काही पंतप्रधानांच्या हातात नसतं. ऐकून घेणं मात्र असतं. खरी गोम इथंच होती.

पुण्याचे खासदार मोहन धारिया त्यांच्याच सरकारात राज्यमंत्री होते. मूळचे समाजवादी, 'गरिबी हटाओ' मनापासून मानणारे. जयप्रकाशांशी बोला, चर्चा करा, एवढंच ते म्हणत होते. मार्च 1975 मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. पुढे आणीबाणीत तुरुंगात टाकलं. चंद्रशेखर तर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य होते, तेही आत गेले. म्हणजे सगळ्यात आधी किंमत मोजली ती विरोधकांइतकीच घरच्यांनीही.

हे एवढं सोपं का गेलं? कारण खालची माणसं बाईंच्या नावावर निवडून आलेली. मतदारसंघापेक्षा दिल्लीचं देणं जास्त. मुख्यमंत्री कोण हे दिल्लीत ठरायला लागलं. पक्षांतर्गत निवडणुका 1972 नंतर थेट 1992 ला झाल्या! गावातली नाराजी वर पोचवायची वाटच बंद झाली. मग ती एकदमच पोचली. 1977 ला काँग्रेस 154 वर आली आणि रायबरेलीत खुद्द इंदिराजी पडल्या. पुण्यातून धारिया जनता पक्षातर्फे पुन्हा निवडून आले.

त्याच दुष्काळातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानं त्या वर्षांत राबवली. 1977 मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. पागेंच्या नावानं कधी लाट आली नाही. पण मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, कायदा राहिला. पुढे देशाच्या रोजगार हमीलाही त्याचाच आधार मिळाला.

नेता आवडणं यात काही गैर नाही. पण त्याच्या नावावर आपल्या तालुक्यातून निवडून जाणारा माणूस उद्या त्याच्यासमोर आपलं म्हणणं मांडू शकेल का, हे मत देण्याआधी विचारायला हवं. 1971 ला ते विचारायचं राहून गेलं.

तुमच्या घरात बहात्तरच्या कामावर गेलेलं कुणी असेल, तर त्यांना तेव्हाच्या निवडणुकीबद्दल जरूर विचारा. ते काय सांगतात ते खाली लिहा.