‘फाइन’ म्हणजे दंडच का? जुन्या कागदपत्रांतला एक छोटा शब्द

‘सिग्नल तोडला म्हणून फाइन बसला’ आणि ‘बाकी सगळं फाइन!’ ही दोन्ही वाक्यं आपण मराठीतही सहज बोलतो. त्यामुळे जुन्या इंग्रजी कागदात हा शब्द दिसला की डिक्शनरी उघडायची गरज वाटत नाही, आणि नेमकी तिथेच गडबड होते. आर्थिक किंवा कायद्याच्या इतिहासावर काम करायचा विचार असेल, तर या शब्दाचा प्रवास एकदा नीट बघून ठेवा.

मूळ आहे लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वाद ‘संपवणारा’ करार म्हणजे फाइन. जमीन विकत घेणारा विकणाऱ्यावर राजाच्या कोर्टात दावा लावायचा, बऱ्याचदा लुटुपुटीचाच, आणि मग दोघे तडजोड करायचे. हेतू एवढाच, की व्यवहाराला कोर्टाची नोंद मिळावी. 1195 मध्ये ह्युबर्ट वॉल्टरच्या काळात हा करार एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहायची पद्धत बसली. दोन प्रती दोन्ही पक्षांना आणि तळाची तिसरी सरकारी खजिन्यात. म्हणून या दस्तांना ‘फीट ऑफ फाइन्स’ म्हणतात. ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद झाली. या हजारो ‘फाइन्स’मध्ये गुन्हा कुठेच नाही, आहेत ते खरेदीखतासारखे कागद.

मग पैसे कुठून आले? तडजोड म्हटली की देणंघेणं आलंच. हळूहळू तडजोडीसाठी दिलेल्या रकमेलाही फाइन म्हणू लागले. राजाकडून एखादी सवलत हवी असेल, उदाहरणार्थ विधवेला स्वतःच्या मर्जीने लग्न करायचं असेल, तर ती रक्कम देऊ करायची. अशा नोंदी ‘फाइन रोल्स’मध्ये सापडतात. शिक्षेच्या रकमेला तेव्हा वेगळा शब्द होता : ‘अमर्समेंट’. 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या 55 व्या कलमात अन्यायाने घेतलेले फाइन आणि अन्यायाने लादलेली अमर्समेंट यांचा उल्लेख वेगवेगळा केलाय. दोन्ही एकच असते, तर दोन शब्द कशाला वापरले असते? शिक्षेचा अर्थ ‘फाइन’ला नंतर चिकटला, आणि आज तोच पहिला आठवतो.

आता हे सगळं का महत्त्वाचं, ते बघा. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कूळ बदललं की नवं कूळ जमीनदाराला ‘एंट्री फाइन’ द्यायचं. वार्षिक खंड अनेक ठिकाणी रूढीने ठरलेला असायचा. महागाई वाढली तरी तो वाढवता येत नसे, म्हणून जमीनदार फाइन वाढवायचे. 1536 च्या उत्तरेतल्या उठावात बंडखोरांनी जी मागणीपत्रिका दिली, तिच्यात काही भागांपुरती अशी मागणी होती की ही रक्कम दोन वर्षांच्या खंडापेक्षा जास्त नसावी. तिथे या रकमेला ‘ग्रेसम’ हा स्थानिक शब्द होता. म्हणजे शब्द वेगळा असला तरी गोष्ट तीच, आणि शब्द तोच असला तरी गोष्ट वेगळी! एंट्री फाइनला तुम्ही ‘दंड’ समजलात, तर महागाई आणि कुळांच्या हक्काची गोष्ट तुमच्या हातून गुन्हेगारीची गोष्ट होऊन बसेल.

हे फक्त इंग्लंडपुरतं आहे असंही समजू नका. 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा घ्या. कलम 65 नुसार शेतजमीन बिनशेती वापरायला कलेक्टरने परवानगी दिली, तर नव्या आकाराशिवाय ‘फाइन’ घेता येत असे. कलम 66 मध्ये परवानगी न घेता तसा वापर केला तर ‘फाइन’. शेजारशेजारची कलमं, एकच शब्द. पण पहिला फाइन आपल्या नजराण्याच्या जवळ जातो, आणि दुसरा सरळ दंड. महसुलाच्या कागदात नुसतं ‘फाइन वसूल’ दिसलं, तर तो कुठल्या कलमाखालचा हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ‘छान’ या अर्थाचा फाइन? तोही त्याच मुळाचा. शेवटाला नेलेलं, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेलं, म्हणून उत्तम. ‘फायनान्स’ हा शब्दही याच घरातला : देणं संपवणं, हिशेब चुकता करणं.

अभिलेखागारात बसाल तेव्हा या शब्दापाशी तीन प्रश्न विचारा. पैसे देणारा स्वतःहून देतोय की त्याच्यावर लादले गेलेत? गोष्ट घडण्याआधी दिले की नंतर? बदल्यात त्याला काही मिळालं का? उत्तरं बहुतेक वेळा त्याच नोंदीत किंवा तिच्या आगेमागे असतात. डिजिटाइज्ड संग्रहात ‘फाइन’ शोधून आलेले आकडे थेट तक्त्यात भरण्याआधी तर हे कराच. सर्च इंजिन अक्षरं जुळवतं, अर्थ जुळवायचं काम आपलं.

तुमच्या विषयातही असा एखादा ‘सोपा’ शब्द असणार. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तो शोधा, आणि तुमच्या कालखंडात त्याचा अर्थ काय होता ते पानभर लिहून काढा.